इलेक्ट्रॉन एकटाच, मग पट्टे कुठून आले?

वरणफळ: काल लाइट गेल्यावर लेकीला लेझर पॉइंटरपुढे डोक्यावरचा एक केस उभा धरून दाखवला. भिंतीवरच्या लाल ठिपक्याची आडवी, तुटक तुटक रेघ झाली. केसाच्या दोन्ही बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या लाटा एकमेकींवर आपटून असं होतं, हे तिला पटलं. मग जपानी शास्त्रज्ञ तोनोमुरांचा १९८९ चा प्रयोग सांगितला. एका वेळी एकच इलेक्ट्रॉन. पडद्यावर आधी मोहरी सांडल्यासारखे ठिपके, हजारो जमल्यावर पट्टे. "बाबा, एकटा होता तर लाट आपटली कुणावर?" मी गप्प. बोर, बोम आणि एव्हरेट या शास्त्रज्ञांनी क्वांटमचा अर्थ वेगवेगळा लावलाय, त्यातला कुणाचा सांगू तिला?

उंटावरचा: बोम सांगा, १९५२ चा. कण एकाच बाजूने जातो, लाट दोन्हीकडून जाऊन त्याला वाट दाखवते. पोरांना लगेच कळतं. मात्र इथे काही केलं की दूरच्या कणाची वाट तत्क्षणी बदलते, हेही गिळावं लागतं.

तिरपागडे: मी एव्हरेटवाला. मोजलं की शक्यतांची लाट एकाच निकालावर कोसळते असं म्हणतात; आमच्या मते ती कोसळतच नाही, सगळे निकाल वेगवेगळ्या जगांत घडतात. फक्त, सगळेच घडतात तर एकाची शक्यता जास्त म्हणजे काय, इथे आमची गाडी अडते.
जाता जाता: हा प्रयोग नेहमी दोन फटींचा म्हणून सांगतात, पण तोनोमुरांकडे फटी नव्हत्याच, विद्युतभारित बारीक तार होती आणि इलेक्ट्रॉन तिच्या दोन्ही बाजूंनी जायचे. म्हणजे तुमचा केसच जास्त जवळचा!

वरणफळ: हे भारीच! बोम सांगितला. म्हणाली, "मग ती लाट कशाची?" उद्या परीक्षा आहे म्हणून झोपवलं.