बायपासच्या पेशंटना धीर द्यायला जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पुण्यात राहतो, गेल्या वर्षी माझी बायपास झाली, आता तब्येत छान आहे, रोज चालतो, गोळ्या वेळेवर चालू आहेत. ऑपरेशन उत्तम झालं पण घरी आल्यावर जे जे होतं ते कोणी नीट सांगत नाही हो. खोकला आला की छाती आता उकलतेय की काय असं वाटतं, तेव्हा उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, ते तीन बॉलवालं स्पायरोमीटर (श्वासाच्या व्यायामाचं यंत्र) कंटाळा न करता ओढायचं, बायपाससाठी पायातली शीर काढलेली असते तिथे सूज येते, आणि मध्येच उगाच रडू येतं, झोप लागत नाही. ऑपरेशनमध्ये कापलेलं छातीचं हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे जातात, तोवर पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. हे त्यातून गेलेल्या माणसाने सांगितलं की पेशंटला, आणि खरं तर घरच्यांना जास्त, धीर येतो.

अमेरिकेत मेंडेड हार्ट्स म्हणून संस्था आहे, १९५१ मध्ये बॉस्टनला सुरू झाली, ऑपरेशन झालेलेच लोक नवीन पेशंटना जाऊन भेटतात. तसं पुण्यात कोणी करतंय का? नसेल तर हॉस्पिटलमध्ये परवानगी कोणाकडे मागायची, सोशल वर्करकडे का थेट सर्जनकडे? औषधांबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, ते डॉक्टरांचं काम. कोणाची बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालं असेल आणि सोबत यायची तयारी असेल तर प्लीज कळवा, बायकांच्या वॉर्डसाठी एखाद्या ताई मिळाल्या तर फारच बरं होईल.