कंटेनर इमेजमधील भाषेची आवृत्ती : 'ठरवणे' की 'पिन करणे'?

प्रश्न : डॉकरफाइलमध्ये (कंटेनर इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे एकत्र असलेला साचा, कसा तयार करायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) पायथन या प्रोग्रामिंग भाषेची विशिष्ट आवृत्ती घेण्याच्या कृतीला 'आवृत्ती ठरवणे' म्हणावे की 'आवृत्ती पिन करणे'? दोन्ही प्रयोग समानार्थी मानता येतील का?

उत्तर १ : माझ्या मते ते वेगळे ठेवलेले बरे. डेबियन १२ या लिनक्स वितरणाच्या इमेजमध्ये 'ॲप्ट' या पॅकेज-साधनाने पायथन घेतले तर ३.११ मिळते, उबुंटू २४.०४ मध्ये ३.१२ मिळते, येथे आवृत्ती वितरणानेच ठरवलेली असल्यामुळे नुसते 'इन्स्टॉल करणे' पुरेसे आहे. पायाभूत इमेज सांगणाऱ्या 'फ्रॉम'च्या ओळीत 'पायथन:३.११-स्लिम-बुकवर्म' ('बुकवर्म' म्हणजे डेबियन १२) असे लिहिले, की आवृत्ती आपण ठरवतो. मात्र हा टॅग, म्हणजे इमेजला लावलेली नावाची खूण, हलता असतो, ३.११.८ च्या मागोमाग ३.११.९ आली, तेव्हा तोच टॅग नव्या इमेजकडे वळला. इतकेच नव्हे, तर ३.११.९ असे पूर्ण लिहिले तरी, ती चालू आवृत्ती असेपर्यंत, खालच्या डेबियनमध्ये सुरक्षा-दुरुस्त्या आल्या की त्याच टॅगखाली इमेज नव्याने बिल्ड होते. ग्रंथव्यवहारात आपण आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत जो भेद करतो, तोच हा भेद आहे. अगदी तीच इमेज हवी असेल, तर 'शा२५६' या अक्षरांपुढे ६४ षोडशमान अंक असलेला डायजेस्ट, म्हणजे इमेजच्या आशयावरून काढलेली ओळख, लिहावा लागतो, आणि 'पिन करणे' हा प्रयोग मी त्या कृतीसाठीच राखून ठेवीन.

उत्तर २ : भेद मान्य आहे, पण मर्यादा जरा सैल करावी. लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेल्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये दोन बरोबर-चिन्हे देऊन पॅकेजची आवृत्ती लिहिण्यालाही सगळे 'पिन करणे'च म्हणतात, आणि ते गैर नाही, कारण पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारावर एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने बदलून चढवता येत नाही. 'आवृत्ती बांधणे' हा पर्याय मात्र टाळावा. 'इमेज बांधणे' म्हणजे बिल्ड करणे, असा अर्थ रूढ होत असल्याने वाचकाचा गोंधळ होईल. 'इमेज'ला 'प्रतिमा' म्हणण्याचा आग्रहही नको, कारण त्याने छायाचित्रच डोळ्यांसमोर येते.

उत्तर १ : पॅकेजपुरते मान्य आहे. डायजेस्टबाबत आणखी एका क्रियापदाची गरज पडते. डायजेस्ट पिन केला की सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप येणे थांबते, त्यामुळे तो अधूनमधून मुद्दाम बदलावा लागतो. त्या कामाला 'पिन पुढे नेणे' म्हणावे, असे मी सुचवतो.