मदत हवी आहे: आईला ऑस्टिओपॅथकडे पहिल्यांदाच न्यायचंय, तिथं नक्की करतात काय?

निपाणीची_लेक:
नमस्कार. आई ६१ वर्षांची. तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, हजार पुऱ्या झाल्याशिवाय पाठ सरळ करायची नाही. आता कंबर आणि खांद्यांच्या मधली जागा कायम ठणकते. एक्स-रे काढला, "झीज आहे" म्हणाले, गोळ्या दिल्या. गोळी आहे तोवर बरं, संपली की परत तेच. गल्लीतल्या पायाळू माणसाचा पायही लावून झाला (हसू नका).

मावसभाऊ म्हणतोय, बेळगावात एक ऑस्टिओपॅथ (हातानं सांधे-स्नायूंवर उपचार करणारे) बसतात, तिकडं ने. आईच्या डोक्यात बसलंय की हाड बसवणाऱ्यासारखी मान धरून कट्टकन मोडणार. म्हणते, "मोडून घ्यायला बेळगावला कशाला जायला पाहिजे?" खरं सांगते, मलाही धास्ती आहे. पहिल्या दिवशी काय करतात? ती लुगडं नेसते, कपडे काढायला लावतील का? दुखतं का? किती खेपा होतात?

टिळकवाडीकर:
मी पुण्यात असताना कमरेसाठी गेलो होतो. पहिली खेप तासाभराची. त्यातला निम्मा वेळ नुसते प्रश्न. कधी पडलात का, ऑपरेशन झालंय का, गोळ्या कुठल्या, झोप कशी, दिवसभर बसता कसं. मला वाटलं, हा माणूस हात लावणार की नाही! मग उभं करून मागून बघितलं, वाकायला लावलं, एका पायावर उभं केलं. त्यानंतर टेबलावर.

बरंचसं काम कणीक तिंबल्यासारखं, सावकाश. कधी पाय धरून हळू ओढायचा, कधी मी त्यांच्या हाताविरुद्ध जोर लावायचा. कट्ट एकदाच झालं, तेही आधी विचारून. तो आवाज हाड मोडल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा असतो. "नको" म्हटलं तर दुसऱ्या पद्धतीनं करतात. दुसऱ्या दिवशी मात्र अंग असं आंबलं, जणू दिवसभर भांगलण केली. दोन दिवसांत गेलं.

कपड्यांचं म्हणाल तर पाठ बघायला लागते, पण मोकळा गाऊन चालतो. तुम्ही आत बसणार हे फोनवरच सांगून ठेवा.

घटप्रभा_काठ:
पायाळूची फी तरी कमी असती की 😄 बाकी माझा भाचा अमेरिकेत आहे, तो म्हणतो ऑस्टिओपॅथ म्हणजे पूर्ण डॉक्टरच.

फिजिओ_खानापूर:
भाचा खरं बोलतोय, पण ते तिकडचं. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकन डॉक्टरनं १८७४ मध्ये ही पद्धत मांडली. तिथले डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीची पदवी घेतलेले डॉक्टर, आज औषधं लिहितात, ऑपरेशनही करतात. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ हातानंच उपचार करतो, पण तिथं १९९३ च्या कायद्यानं त्याची नोंदणी सक्तीची झाली. आपल्याकडे पाटीवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, मूळ शिक्षण कुठलं ते सरळ विचारा. बरेच जण मुळात फिजिओथेरपिस्ट असतात. ओडिशात कटकच्या श्री श्री विद्यापीठात याचा पदवी अभ्यासक्रमही आहे.

कंबरदुखीत काहींना आराम पडतो. पण नुसतं टेबलावर झोपून भागत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या सूचनांतही हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनंच करा असं आहे. तीन-चार खेपांत काही फरक नसेल तर थांबायचं. पहिल्याच दिवशी दहा खेपांचे पैसे मागितले तर मी तरी उठून येईन.

ताई, आता माझे प्रश्न. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? वजन घटलंय, ताप येतो, पूर्वी कॅन्सर? पायात जोर कमी, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काही असेल तर बेळगाव-बिळगाव सोडा, थेट हॉस्पिटल. आणि कधी हाड मोडलंय का?

निपाणीची_लेक:
बाकी काही नाही. गोळ्यांचा डबा ओतून बघितला, बीपीची आणि दुखण्याची, एवढंच. पण गेल्या पावसाळ्यात परसात शेवाळावर घसरली तेव्हा मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. हाताचं म्हणून मी लिहिलंच नाही.

फिजिओ_खानापूर:
तेच हवं होतं मला. उभ्या उभ्या घसरून या वयात मनगट मोडतं तेव्हा हाडं ठिसूळ झालीत का ते बघायलाच पाहिजे. डॉक्टरांना विचारून आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. हाडं ठिसूळ निघाली तर पाठीला झटका द्यायचा नाही, मानेला तर नाहीच. मानेच्या झटक्यानं रक्तवाहिनीला इजा झाल्याचे प्रकार क्वचित का होईना, घडलेत. हळू हातानं करता येतं, पण रिपोर्ट आणि मनगटाचे कागद त्यांच्यासमोर ठेवा.

टिळकवाडीकर:
आणि परत येताना एसटीच्या मागच्या सीटवर बसवू नका. संकेश्वर येईपर्यंत केलेलं सगळं पाण्यात.

निपाणीची_लेक:
बेळगावची वेळ पुढं ढकलली. आईला कारण सांगितलं तर म्हणाली, "हाताचं दुखणं पाठीला कसं सांगायचं?" तेवढं तुम्हीच कुणीतरी सोप्या भाषेत लिहा, वाचून दाखवते. आणि डेक्सा कोल्हापूरला सोयीचं की बेळगावला? खर्च किती येतो? अलीकडे कुणी केलं असेल तर सांगा.