मदत हवी आहे: छोट्या कॅबिनेटला लिक्विड कूलर बसवू का? (पीसी रोज स्कूटरवरून जातो)

नमस्कार मंडळी,

आधी थोडं रामायण सांगतो, नाहीतर पहिल्या दहा प्रतिसादांत "मोठं कॅबिनेट घे की" हेच येईल.

मी मोल्ड डिझाइनचं काम करतो. दिवसा नाशिकच्या अंबडला एका टूलरूममध्ये (साचे बनवायच्या शॉपमध्ये), रात्री इंदिरानगरला घरी. लॅपटॉपवर दोन वर्षं रेटलं. मोठ्या कॅव्हिटीचा (साच्यातल्या पोकळीचा) टूलपाथ, म्हणजे मशीनच्या कटरच्या वाटेची आकडेमोड, लावला की लॅपटॉप अंग टाकायचा. म्हणून दिवाळीनंतर छोटा पीसी बांधला. मॉनिटर दोन्हीकडे आहेत, डबा तेवढा पिशवीत घालायचा आणि स्कूटरच्या पायापाशी ठेवून न्यायचा. आठवड्यातून चार-पाच दिवस तो माझ्याबरोबर अंबड लिंक रोडचे खड्डे खातो. त्यामुळे छोटं कॅबिनेट ही हौस नाही, गरज आहे.

सामान असं: प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, आयटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड, ३२ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०६०, एसएफएक्स (छोटा) एसएमपीएस, कॅबिनेट कूलर मास्टरचं एनआर२००पी (१८.२५ लिटर). कूलर मात्र ४७ मिमी उंचीचा बुटका. आधी याहूनही लहान कॅबिनेट ठरवलं होतं, ते मिळालं नाही, पण कूलर घेऊन झाला होता. तोच लावला. चूक माझीच.

थंडीत काही जाणवलं नाही. एप्रिल लागला आणि रडगाणं सुरू झालं. शेडला पत्रा आहे, दुपारी दोनला माझ्या टेबलाशेजारच्या भिंतीवरचं थर्मामीटर ४१ दाखवतं. टूलपाथ लावला की अर्ध्या मिनिटात प्रोसेसर ९५ अंशांवर, पंखा मिक्सरसारखा ओरडतो, आणि घरी सकाळच्या वेळी ५ गिगाहर्ट्झच्या वर टिकणारा क्लॉक (प्रोसेसरचा वेग) ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत खाली येतो. शेजारचा ऑपरेटर परवा विचारत होता, "साहेब, चटणी वाटताय का?"

आता पर्याय. या कॅबिनेटला बाजूच्या ब्रॅकेटवर २४० किंवा २८० मिमीचा रेडिएटर (लिक्विड कूलरचं पाणी थंड करणारा पत्र्यांचा भाग) बसतो. वरच्या बाजूला फक्त पंखे, रेडिएटर नाही. खाली २४० बसतो, पण मग पंप सगळ्यात उंचावर येतो आणि हवा पंपात अडकते, एवढं मला कळतं. म्हणजे लिक्विड घ्यायचा तर बाजूलाच. एअर कूलर घ्यायचा तर १३५ मिमीच्या आसपासचा छोटा टॉवर (उभा हिटसिंक आणि त्याला पंखा) आरामात मावेल. १५५ वाला अगदी जाळीला टेकेल.

लिक्विडची भीती का, तेही सांगतो. घरच्या जुन्या मोठ्या पीसीला २४०चा एआयओ (पंप, नळ्या, रेडिएटर एकत्र असलेला सीलबंद लिक्विड कूलर) होता. अडीच वर्षांत पंप गेला, तोही गणपतीनंतरच्या आठवड्यात, डिलिव्हरी तोंडावर असताना. वॉरंटी होती. माल मुंबईला पाठवला, नवीन नग आला चोवीस दिवसांनी. तेवढे दिवस मी मित्राकडून मागून आणलेल्या कूलरवर दिवस ढकलले. कंपनीचं नाव घेत नाही, नग बदलून दिला हेही खरं.

तर प्रश्न:
एवढ्या उष्णतेत २४० किंवा २८० लिक्विडने छोट्या टॉवरपेक्षा खरंच किती फरक पडेल?
रोजच्या हादऱ्यांना काय जास्त टिकेल, नळ्या आणि पंप, की बोर्डावर लटकणारा टॉवर?
टूलरूममधल्या धुळीचं काय?

बजेट आठ-नऊ हजार. त्याच्या वर गेलो तर घरी कळेल.

---

गरम_चहा:
आधी एक गैरसमज काढू. ७७००एक्ससाठी ९५ अंश म्हणजे धोक्याची घंटा नाही. ही पिढी मुद्दाम तशीच बनवली आहे, कूलिंग मिळेल तोवर क्लॉक चढवत नेते आणि ९५ला जाऊन बसते. उत्तम कूलर लावलास तरी लांबच्या लोडवर आकडा बराच वर दिसेल, फक्त क्लॉक जास्त असेल. तेव्हा तापमान बघू नकोस, काम किती वेळात झालं ते बघ.

दुसरं, तुझ्या प्रोसेसरचा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) १०५ वॅट असला तरी सॉकेटमधून तो १४२ वॅट ओढू शकतो. ४७ मिमीच्या कूलरला तेवढी उष्णता झेपत नाही, विषय संपला. बायोसमध्ये पीबीओच्या (प्रोसेसरच्या वीजमर्यादांच्या मेनूच्या) आत इको मोड आहे, प्रोसेसर कमी वॅटवर चालवायची सोय. ६५ वॅटचा लाव. मग तो ८८ वॅटच्या वर जात नाही. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. आधी हे करून बघ, मग आठ हजारांचं बोलू.

---

तिसरा_मजला:
१२० मिमीचा छोटा एआयओ घे, मागच्या बाजूला लाव, सुटसुटीत.

---

गरम_चहा:
@तिसरा_मजला, नको. एनआर२००च्या मागे ९२चा पंखा बसतो, १२० नाही. आणि तसंही १२०च्या एआयओपेक्षा चांगला एअर टॉवर तेच काम निम्म्या पैशात करतो, वर पंपाची कटकट नाही.

---

व्हीएमसीवाला:
भाऊ, सातपूरहून लिहितोय, माझंही काम तेच. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही, पण खरा प्रश्न तोच आहे.

आमच्या शॉपमधल्या पीसीला २४०चा लिक्विड होता, ताजी हवा रेडिएटरमधूनच आत घेणारा. आठ-नऊ महिने झकास. मग तापमान हळूहळू चढायला लागलं. बाहेरून पंखे स्वच्छ दिसायचे, दर शनिवारी ब्लोअर मारायचो. शेवटी पंखे स्क्रू काढून वेगळे केले, तेव्हा पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये काळा नमदा निघाला. चक्क नमदा, चिमटीत धरून एका तुकड्यात उचलला. कूलंटची वाफ, तेलाचा तवंग आणि ग्राइंडिंगची धूळ एकत्र येऊन पत्र्यांच्या फटींवर थापली गेली होती. रेडिएटरच्या फटी बारीक असतात, आणि वर तेलकटपणा असला की ब्लोअरने ते आणखी आत दाबलं जातं. पंखे काढल्याशिवाय ते दिसतच नाही.

टॉवरलाही धूळ बसते, पण तिथे पंखा क्लिपने निघतो, हिटसिंक डोळ्यांसमोर असतो, ब्रश मारला की झालं. आणि पंखा मेला तर दुसरा १२०चा पंखा कॉलेज रोडलाही मिळतो. पंप मेला तर काय होतं ते तू चोवीस दिवस भोगलंच आहेस.

अजून एक. ग्राइंडिंगची धूळ लोखंडाची असते, वीज वाहते. कूलर कोणताही घे, पण पीसी सरफेस ग्राइंडरपासून लांब ठेव आणि खालच्या-बाजूच्या जाळ्यांना आतून कापड लाव. आम्ही जुन्या ओढणीचा तुकडा लावला आहे. दर पंधरा दिवसांनी धुतो. पाणी काळं निघतं.

---

धागाकर्ता:
@व्हीएमसीवाला, नमदा वाचून पोटात गोळा आला. मी ईडीएमच्या (ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या मशीनच्या) शेजारी बसतो.

@गरम_चहा, इको मोड लावून बघितला. कालच्याच जॉबवर, तोच टूलपाथ, तीच दुपार. आधी ११ मिनिटं ४० सेकंद लागायचे, आता १२ मिनिटं ५. तापमान ८६-८७. पंख्याचा आवाज निम्मा म्हणावा इतका उतरला. ऑपरेटर येऊन विचारून गेला, पीसी बंद आहे का म्हणून. २५ सेकंदांसाठी मी इतके दिवस मिक्सर ऐकत होतो.

तरी मे अजून यायचा आहे. आणि ४७चा कूलर बदलायचाच आहे.

---

थंड_डोकं:
मूळ प्रश्नाचं उत्तर: लिक्विड असो की एअर, दोन्ही शेवटी खोलीतल्याच हवेत उष्णता टाकतात. खोलीच्या तापमानाखाली कोणीच जाऊ शकत नाही. कूलर फक्त "खोलीपेक्षा किती वर" हे ठरवतो. घरात २८ अंशांना प्रोसेसर ७५वर असेल, तर पत्र्याखाली ४१ला तो साधारण ८८वर जाईल, त्याच वॅटेजला. हे १३ अंश कोणताही ब्रँड खाऊ शकत नाही.

लिक्विडचा खरा फायदा दोन ठिकाणी. एक, उष्णता उचलून कॅबिनेटच्या कडेला नेतो, जिथे मोठा रेडिएटर मावतो. दोन, पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून थोड्या वेळाच्या लोडला पंखे लगेच ओरडत नाहीत. पण तुझे जॉब दहा-बारा मिनिटांचे. तेवढ्यात पाणी तापून बसतं, दुसरा फायदा गेला. १४२ वॅट सतत ओढणार असशील तर २८० नक्की जिंकेल. ८८ वॅटला चांगला टॉवर पुरून उरतो.

लिक्विड घेतलासच तर रेडिएटरची जाडी बघ. सर्वसाधारण २७ मिमी, त्यात पंखा २५, झाले ५२. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३चा रेडिएटर ३८चा आहे, पंख्यासकट ६३. छोट्या कॅबिनेटमध्ये हे ११ मिमी ग्राफिक कार्डाच्या अंगावर येतात. आणि रेडिएटर उभा लावताना नळ्या खालच्या टोकाला ठेव, म्हणजे आतली हवा वरच्या टोकाला जमा होते, पंपाकडे येत नाही. एआयओ सीलबंद असला तरी नळ्यांमधून पाणी अगदी सावकाश उडतं, वर्षागणिक आत हवा वाढत जाते. तू रोज तो आडवा-तिडवा करणार, म्हणजे रोज सकाळी ती हवा फिरून गुळगुळ आवाज येणार. बिघाड नाही, पण डोकं उठतं.

---

नाशिकचा_चिवडा:
पाणी कमी झालं तर गॅरेजमधून हिरवं कूलंट आणून टॉप-अप नाही का करता येत? आमचा मेकॅनिक करतो म्हणतोय.

---

थंड_डोकं:
मेकॅनिकला आपली स्प्लेंडर बघू दे. बहुतेक एआयओमध्ये रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि प्रोसेसरवरची प्लेट तांब्याची. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असले की गंज चढतो, तो रोखायला कंपनीने मोजून मिश्रण भरलेलं असतं. बऱ्याच मॉडेलांना भरायचं तोंडही नसतं.

---

व्हीएमसीवाला:
हादऱ्यांबद्दल राहिलं. टॉवर पाऊण किलोचा, पीसी उभा ठेवून नेलास तर तो बोर्डावरून आडवा लटकतो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला हिसका देतो. साधा उपाय: नेताना पीसी आडवा झोपव, बोर्ड खाली, कूलर वर. मग वजन सरळ सॉकेटवर दाबलं जातं, लटकत नाही. खाली जाड फोम. कार्ड जड असतं तर काढून न्यायला सांगितलं असतं, ४०६० हलकं आहे, राहू दे.

---

धागाकर्ता:
आत्ताच खाली जाऊन स्कूटरवर आडवा ठेवून बघितला. बसतो, पण पाय बाहेर काढून चालवावं लागतं. सोसायटीच्या वॉचमनने पूर्ण दोन मिनिटं बघितलं. शेवटी मागच्या सीटवर फोम टाकून बंजी दोरीने आवळला, ते बरं वाटलं.

तर लिक्विड रद्द. ६५ वॅट इको मोड कायम, १३५ मिमीच्या आसपासचा दुहेरी टॉवर घेतो, एएम५चं (माझ्या प्रोसेसरच्या सॉकेटचं) माउंटिंग सोबत येतं का तेवढं बघून. उरलेल्या पैशांत खाली दोन १२०चे पंखे, म्हणजे कार्डालाही ताजी हवा मिळेल. ओढणीचा तुकडा सौ.कडे मागितला. कोणती ओढणी आणि कशाला, यावर अजून चर्चा चालू आहे.

नाशकात विचारलं तर हा कूलर सगळे "ऑर्डरवर मागवतो" म्हणतात. शनिवारी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरूनच आणतो. एक शेवटचं: माझ्या रॅमला उंच पंख आहेत, ४४ मिमी. कोणाकडे असा छोटा दुहेरी टॉवर असेल तर पुढच्या पंख्याखाली किती जागा राहते ते पट्टी लावून शुक्रवारच्या आत सांगा. नाहीतर रॅमही पिशवीत घालून न्यावी लागेल.