डिपॉझिट गेलेल्यांना बंदी घाला म्हणे! आधी जिंकून आलेल्यांचं काय ते बोला

माटोळी
काल इथे 'तिसरो पूल' यांनी जे लिहिलंय ते वाचून रात्री जेवण गोड लागलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय. वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दर निवडणुकीला उभे राहून डिपॉझिट घालवणारे हौशे-गवशे म्हणजे लोकशाहीची थट्टा, दोनदा डिपॉझिट गेलं की जन्मभर बंदी, आणि डिपॉझिट करा पाच लाख. वर 'डिचोलीकडचं एक ध्यान' असा उल्लेख. ते ध्यान कोण हे गोव्यात आमच्या भागातल्या माणसाला सांगायची गरज नाही. ते आमच्या वाड्यावरचे तात्या.

तात्या आजवर सहा वेळा उभे राहिले, चार वेळा विधानसभा, एकदा लोकसभा, एकदा पंचायत. पंचायतीत अकरा मतांनी पडले, बाकी सगळीकडे डिपॉझिट गुल. प्रचार म्हणजे जुनी लुना, मागे पत्र्याचा कर्णा आणि खिशात पत्रकं. मुद्दा कायम एकच, खाणीचे ट्रक शाळेच्या रस्त्यावरून नकोत. आम्ही शाळेत जाताना लाल धुळीने पांढरा शर्ट विटकरी व्हायचा, तेव्हा निवडून आलेल्यांपैकी एकाचंही तोंड उघडत नव्हतं, कारण निम्म्यांचे ट्रक. तात्या एकटे बोंबलत होते. मग २०१२ ला सुप्रीम कोर्टाने खाणी बंद केल्या, लोक म्हणाले आता तरी घरी बसा. तर २०१४ ला लोकसभेला उभे, आणि पत्रकात काय, तर ट्रकवाल्यांची बँकेची कर्जं कोण फेडणार! ज्या ट्रकांना आयुष्यभर शिव्या घातल्या त्यांच्याच मालकांसाठी. त्यातल्या किती जणांनी मत दिलं देव जाणे.

आणि थट्टेचंच म्हणाल तर २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत भाजपात गेले ती कोणाची थट्टा? २०२२ ला काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात जाऊन शपथा घेतल्या की फुटणार नाही, मार्चमध्ये अकरा निवडून आले आणि सप्टेंबरात आठ गेले. त्या सगळ्यांची डिपॉझिटं शाबूत हां. तात्या सहा वेळा हरले पण एकदाही फुटले नाहीत.

तिसरो पूल
मी नाव घेतलं नव्हतं, नाव सांगितलंत तुम्ही.
आणि 'फुटले नाहीत' हे काय कौतुक झालं? जिंकलेच नाहीत तर फुटणार कुठून, आणि न विकलेल्या मालाला सचोटीचं सर्टिफिकेट कसलं देता?

आता मुद्दा. १९९६ ला लोकसभेला देशभर १३,९५२ उमेदवार होते, तेव्हा डिपॉझिट होतं ५०० रुपये. त्याच वर्षी तमिळनाडूत मोडकुरिचीला विधानसभेच्या एका जागेवर १,०३३ जण उभे, मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली. मग डिपॉझिट १०,००० केलं आणि १९९८ ला उमेदवार राहिले ४,७५०. म्हणजे औषध लागू पडतं. डोस वाढवा एवढंच म्हणतोय मी.

वकीलीणबाई
डोसाची अर्धीच चिठ्ठी वाचलीत. त्याच वेळी अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक (अर्जावर सही करणारे मतदार) लागायला लागले आणि दोनपेक्षा जास्त मतदारसंघांतून उभं राहणंही बंद झालं. सगळं श्रेय पैशाला देऊ नका. आणि मोडकुरिचीवाले हौशे नव्हते हो, पाण्यासाठी वैतागलेले शेतकरी होते ते, सरकारने बघावं म्हणून उभे राहिले.
आजचे आकडे: विधानसभेला १०,००० आणि लोकसभेला २५,०००, एससी-एसटी उमेदवाराला निम्मे. वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मिळाली नाहीत की जप्त. गोव्यात विधानसभेला खर्चाची मर्यादा २८ लाख. जो २८ लाख उघडपणे (आणि बाकीचे कसे ते सगळ्यांना माहीत आहे) उधळतो त्याला पाच लाख म्हणजे चहापाणी. अडेल तो लुनावालाच.

निवृत्त मास्तर
मी सात निवडणुकांना ड्युटी केली आहे तेव्हा मला बोलू द्या. तुम्हा लोकांना सकाळी सातला जाऊन बटण दाबायचं ठाऊक. आदल्या दिवशी मशीन घ्यायला रांग, पावत्या, सील, सह्या, रात्री शाळेच्या बाकावर झोप, मच्छर. यात उमेदवार वाढला की प्रत्येक कागदावर एक ओळ वाढते. एकदा एका अपक्षाचा पोलिंग एजंट आला तो स्वतः उमेदवाराचा मेहुणा, सकाळी सहापासून बसला आणि दर मतदाराला हरकत. दुपारी मी म्हटलं बाबा जेवून ये, तर म्हणतो मी गेलो की तुम्ही मतं फिरवणार. मशीन माझ्या बापाचं आहे का? निकालात त्या आमच्या केंद्रावर त्याच्या भावोजीला चार मतं. मेहुण्याचं स्वतःचं धरून.

आणि ड्युटीचे पैसे किती दिवसांनी मिळाले ते विचारू नका. एका वर्षी तर मतदान झाल्यावर साहित्य जमा करायला रात्री अडीचपर्यंत उभं केलं, परतीची बस नाही, चालत गेलो घरी. यावर कधी कोणी धागा काढणार नाही.

माटोळी
सर, तुमचे हाल खरे, पण बस नव्हती त्यात तात्यांचा काय दोष?

निवृत्त मास्तर
दोष नाही म्हणालो मी. सांगतो फक्त.

खाजें
खरं कारण कोणी बोलतच नाही. ह्या तात्यांची पत्रकं मी बघितलीयत. मराठीत! गोव्यात राहायचं, घरात कोंकणी, देवाला गाऱ्हाणं कोंकणीत, तिंट्यावर मासळी घेताना कोंकणी, आणि मत मागताना एकदम पुस्तकी मराठी, 'मतदार बंधू-भगिनींनो'. लोकांना तो आपला वाटणार कसा? डिपॉझिट जाणारच.

आके बायश
आणि तुम्ही हे आता कुठल्या भाषेत लिहिलंत पात्रांव?

खाजें
इथे मराठी चालतं म्हणून. मी मतं मागत नाहीये.

माटोळी
तात्या शिकले मराठी शाळेत, भजन म्हणतात मराठीत, पेपर वाचतात मराठी. लिहायला बसले की हाताला मराठीच येते त्यांच्या, यात राजकारण काय? आमच्याकडे निम्म्या घरांत हेच आहे. बोलायचं कोंकणीत आणि लिहायचं मराठीत, शंभर वर्षं चाललंय.

खाजें
तीच तर गोम आहे. १९६७ ला लोकांनी ओपिनियन पोलमध्ये महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणून सांगितलं, १९८७ ला कोंकणी राजभाषा झाली, तरी तुमच्या हाताला अजून मराठीच येते.

निवृत्त मास्तर
राजभाषा कायदा पूर्ण वाचा. त्यात शासकीय कामासाठी मराठीचीही तरतूद आहे. अर्धा कायदा शिकवणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं करायचो.

आके बायश
आणि कोंकणी म्हणजे फक्त देवनागरी का? आमच्या सासष्टीत माझी माय कोंकणी रोमी म्हणजे रोमन लिपीत वाचते, तियात्राच्या जाहिराती वाचते, प्रार्थना वाचते. तात्यांनी मराठीत काढलं काय नि देवनागरी कोंकणीत काढलं काय, तिला दोन्ही सारखंच परकं. तिची आठवण तुम्हा दोघांनाही भांडण संपल्यावर येते.

खाजें
८६ च्या राजभाषा आंदोलनात तुम्ही कुठे होता ते सांगा आधी.

आके बायश
पाळण्यात.

तिसरो पूल
अरे डिपॉझिटवर बोलत होतो ना आपण? का आता लिपीवर मतदान घेऊया?

निवृत्त मास्तर
घ्या. ड्युटीला मी येणार नाही.

खाजें
हसा. पण माझ्या मुलाच्या शाळेत एका बाईंनी सगळ्यांसमोर त्याला 'कोंकणीत बोलू नको, भाषा बिघडते' म्हणून झापलं, तो आठवडाभर घरातसुद्धा गप्प होता. म्हणून मला चीड येते. बाकी तुमच्या तात्यांशी माझं वैर नाही.

माटोळी
हे वाईट झालं. खरंच. पण त्याचं बिल तात्यांच्या पत्रकावर फाडू नका.

सांत आंद्रेचो
मुद्द्यावर येतो. अपक्ष मतं खातात म्हणणाऱ्यांना आमचा मतदारसंघ दाखवा. २०२२ ला आरजीचे (रिव्होल्युशनरी गोवन्स पक्षाचे) वीरेश बोरकर ७६ मतांनी जिंकले. साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ नी आले. पणजीत उत्पल पर्रीकर अपक्ष उभे राहून ७१६ नी हरले. एवढ्याशा फरकाच्या राज्यात प्रत्येक छोट्या उमेदवाराला 'ह्याने मतं फोडली' म्हणतात. मतं काय कोणाच्या भाटातले नारळ आहेत का, फोडायला? आणि २०२२ ला नवा पक्ष म्हणून आम्हालाही सगळे 'डिपॉझिट जाणारे' म्हणत होते.

तिसरो पूल
तुमचा पक्ष आहे, संघटना आहे, तो वेगळा विषय. मी एकट्या हौशी माणसाबद्दल बोलतोय. तमिळनाडूत मेट्टूरचे ते पद्मराजन बघा, टायर दुरुस्तीचं दुकान, १९८८ पासून उभे राहतायत, दोनशेच्या वर निवडणुका, वाजपेयी, मनमोहनसिंग, मोदी सगळ्यांसमोर. सगळ्यात जास्त मतं २०११ ला, ६,२७३. हरण्यातच त्यांचा आनंद, तसं ते स्वतः सांगतात. त्यांच्याआधी काका जोगिंदर सिंग 'धरती पकड' होते, ते १९९२ ला राष्ट्रपतिपदालासुद्धा उभे. हा छंद आहे हो, टपाल तिकिटं गोळा करावीत तसा. त्यासाठी सरकारी यंत्रणा का राबवायची?

माटोळी
गोव्यात ४० जागांना २०२२ ला ३०१ उमेदवार होते. जागेमागे साडेसात. मशीनच्या एका युनिटवर 'नोटा' (वरीलपैकी कोणी नाही) धरून १६ नावं मावतात. कुठे फुटतंय तुमचं मशीन?

तिसरो पूल
बरं, मशीनचा मुद्दा घेतो मागे.

अबोली
सकाळपासून वाचतेय, लिहू की नको चाललं होतं.
माझे बाबा असेच होते. पेडण्यात. पाच वेळा. तुम्हा सगळ्यांना लुना आणि कर्णा गमतीचा वाटतो, आम्ही घरात होतो. डिपॉझिटचे पैसे दर वेळी 'शेवटचं' म्हणून निघायचे, एकदा माझ्या फीचे, एकदा आईच्या पाटल्या. प्रश्न दहा हजारांचा नव्हताच, त्यानंतर जे सुरू व्हायचं त्याचा होता, पत्रकं, पेट्रोल, येईल त्याला चहा-भजी, आणि तीन महिने दुकान बंद. बाबांना खात्री असायची की ह्या वेळी लोक उठणार. निकालाच्या दिवशी ते अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून जायचे मोजणीला आणि संध्याकाळी आल्यावर कोणाशी बोलायचे नाहीत. गावातले लोक मात्र हाक मारायचे, 'काय आमदार!' शाळेत मला आमदाराचं चेडूं म्हणायचे. शेवटी खर्चाचा हिशेब वेळेत दिला नाही म्हणून आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं, आणि आईने देवाला नारळ ठेवला.
माटोळी, तुमच्या तात्यांच्या घरी कोण आहे? त्यांना कधी विचारलंत?

वकीलीणबाई
लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १० अ. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. हरणाऱ्या माणसाला हे कोणी सांगत नाही, वकील परवडत नाही. सॉरी अबोली, कलमाने काय होतंय.

माटोळी
नाही विचारलं. काकी कायम दारात उभी असायची, एवढंच आठवतं. मी लहानपणी लुनाच्या मागे पळणाऱ्या पोरांतला, मला ती मजाच वाटायची.

तिसरो पूल
बघा. हेच म्हणत होतो. पाच लाख असते तर तिच्या आईच्या पाटल्या वाचल्या असत्या.

अबोली
माझ्या आईच्या पाटल्या तुमच्या मुद्द्याला लावू नका. पाच लाख असते तर बाबांनी घर गहाण ठेवलं असतं, मी ओळखते त्यांना. आणि तुम्हाला सांगते, आमच्या वाड्यावर नळाला पाणी आलं ते बाबांच्या तिसऱ्या निवडणुकीनंतर. जिंकलेल्याने आणलं, नारळ त्याने फोडला, फोटो त्याचा. पण त्याला तो नळ बाबांच्या पत्रकात सापडला होता. आई आजही तिथे पाणी भरताना बाबांना शिव्या घालते.

तिसरो पूल
ठीक. जन्मभर बंदी मागे घेतो. पाच लाखही घेतो मागे. पन्नास हजारावर मी ठाम.

आके बायश
मास्तर, लिहून घ्या, दिवसात साडेचार लाख उतरले.

खाजें
पत्रक मात्र कोंकणीत हवं.

माटोळी
आत्ता संध्याकाळी तात्यांकडे जाऊन आलो. काकीने चहा दिला, बोलली काही नाही, पण तात्या आत गेल्यावर हळूच म्हणाली 'तूं तरी सांग रे तांका'. तात्या बाहेर आले ते फाईल घेऊनच. २०२७ ची तयारी. मला बघून खूश, म्हणाले नऊ सूचक झालेत, दहावा मिळत नाहीये, सही करतोस काय?

निवृत्त मास्तर
मग?

माटोळी
सांगितलं की लग्नानंतर माझं नाव म्हापशाच्या यादीत गेलंय, सूचक त्याच मतदारसंघातला लागतो. नाव अजून डिचोलीच्याच यादीत आहे.