मदत हवी आहे: चर्चचं सभासदत्व सोडावं का?

सलाम मंडळी. आमचं घर तिसऱ्या पिढीचं ख्रिस्ती, पुण्यातलंच. चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या झाडूवाल्या मावशींच्या मुलाच्या ऑपरेशनसाठी कमिटीकडे मदत मागितली. पहिला प्रश्न, "सभासद आहेत का?" त्याच मीटिंगमध्ये नवी साउंड सिस्टिम मात्र पाच मिनिटांत मंजूर! वर पुढच्या रविवारी उपदेश चांगल्या शोमरोनीवर, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या येशूच्या गोष्टीवर. मला तिथे बसवेना.

ससूनला त्या मुलाजवळ थांबले होते, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण (माळकरी बाई) आपल्या डब्यातली अर्धी भाकरी मावशींच्या हातावर ठेवत होती. जात-धर्म काही विचारलं नाही तिने. मग ख्रिस्ती कोण, ती की मी?

येशूवरचा विश्वास गेलेला नाही, पण स्वतःला ख्रिस्ती म्हणवताना जीभ अडते. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा येशूभक्तांचा गट काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. तसं काही आज पुण्यात आहे का? छोटा प्रार्थनागट, किंवा आजाऱ्यांकडे नेमाने जाणारी माणसं?

दुसरं, सभासदत्व सोडलं तर दफनभूमीतल्या जागेची अडचण येते का? आईला तीच एक धास्ती आहे. पाळकसाहेबांना विचारलं की लगेच गावभर होईल, म्हणून इथे विचारतेय. "प्रार्थना करा" एवढंच कृपया नको, ती चालूच आहे.