मदत हवी आहे: पीएसआय, बार, किलोपास्कल, तिन्हीकडे तेच चुकीचे उत्तर

टायरच्या दाबाचे एक उदाहरण सोडवतोय आणि दोन दिवस तिथेच अडकलोय.

थंड टायर, तापमान २७ अंश सेल्सिअस, गेजवर ३२ पीएसआय. गाडी पळवल्यावर आतली हवा ५७ अंशांवर गेली. आकारमान तेवढेच राहते असे धरायचे. तापमान केल्व्हिनमध्ये घेतले: ३०० आणि ३३०, म्हणजे दाब १.१ पट. ३२ गुणिले १.१ = ३५.२ पीएसआय. पुस्तकात उत्तर ३६.७ आहे.

एकक बदलताना चुकत असेन म्हणून सगळे बारमध्ये केले (१ बार = १४.५०४ पीएसआय). २.२०६ चे २.४२७ झाले, परत फिरवले तर ३५.२ च. किलोपास्कलमध्येही तेच. पुस्तकातली छपाईची चूक म्हणावी तर तसे वाटत नाही. कुठे चुकतंय? मनापासून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

तुमची रूपांतरे बरोबर आहेत. गुणक योग्य असेल तर कुठल्याही एककात गणित करा, उत्तर एकच येणार, त्यामुळे चूकही तीच राहिली.

गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. टायर पूर्ण बसला तर गेज शून्य दाखवेल, पण आत हवा असतेच, बाहेरच्याइतक्याच दाबाची. वायूच्या नियमात मात्र खराखुरा, म्हणजे निरपेक्ष दाब लागतो. तापमानात २७३ मिळवायला तुम्ही विसरला नाहीत, दाबात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवायचे राहिले. प्रश्न दोन्हीकडे एकाच जातीचा: शून्य कुठून मोजायचे.

३२ + १४.७ = ४६.७. त्याच्या १.१ पट ५१.३७. त्यातून १४.७ वजा करा.

प्रतिसाद २

वरच्याला दुजोरा. रक्तदाबाचे उदाहरण घ्या, मला ते फार आवडते. १२० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे १६ किलोपास्कल. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर. १२० हा निरपेक्ष दाब असता तर जखमेतून रक्त बाहेर आलेच नसते! तोही गेज दाबच आहे.

आणखी एक: काही गेजवर 'किलो', म्हणजे किलोग्रॅम-बल प्रति चौरस सेंटिमीटर, असते. ते आणि बार एकच समजू नका. १ किलो म्हणजे ०.९८१ बार. फरक दोनच टक्क्यांचा, म्हणून तो नजरेतून निसटतो.

धागाकर्ता

आले! ३६.६७. खात्रीसाठी 'किलो'मध्येही करून पाहिले: ३२ पीएसआय म्हणजे २.२५, त्यात वातावरणाचे १.०३३ मिळवून ३.२८३, १.१ पट ३.६११, वजा १.०३३, उरले २.५७८. त्याला १४.२२३ ने गुणले की पुन्हा ३६.६७.

रक्तदाबाचे उदाहरण वाचून खरा उलगडा झाला. दोघांचेही खूप आभार.